सत्कारानंतर वाचलेलं पत्र

आमच्या मुरुडमध्ये मुलाला परदेशी कॉलेजचं पत्र आलं की आधी सत्कार होतो, मग पत्र वाचलं जातं. कधीकधी वाचलंच जात नाही. तीस वर्षं इथे ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून मी निवृत्त झालोय आणि या प्रकाराने माझं डोकं उठतं. पण सुचिताच्या बाबतीत कोणावर ओरडायची सोय नव्हती, कारण तिच्या सत्काराचा प्रमुख पाहुणा मीच होतो.

सुचिता माझी जुनी विद्यार्थिनी. वडील तुळशीराम तांडेल, स्वतःची बोट चालवतात. आई रतन बाजारात मासळी विकते. पोरगी प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी झाली, माशांच्या रोगांवर काम करायचं तिच्या मनात. नवी मुंबईतल्या एका एजंटाने इंग्लंडमधल्या कॉलेजचं पत्र आणून दिलं आणि कोळीवाड्यात आनंदीआनंद झाला. मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये शाल, नारळ, माईक, सगळं आलं. मी पंधरा मिनिटं बोललो. ‘साता समुद्रापलीकडे’ तीनदा म्हणालो. आता आठवलं की लाज वाटते.

दहा दिवसांनी ती बँकेचा फॉर्म भरून घ्यायला माझ्याकडे आली, तेव्हा मी ते पत्र पहिल्यांदा वाचलं. प्रवेश सशर्त होता. आधी एक वर्ष तयारीचा कोर्स, तो पास झाली तर पुढे पदव्युत्तर पदवी. तीही व्यवसाय व्यवस्थापनाची. मासा औषधालाही नव्हता.

“हे तू निवडलंस?”

“एजंट बोलला यात सीट नक्की मिळते. तिथे गेल्यावर विषय बदलता येतो.”

“कुठे लिहिलंय?”

तिने पत्र उलटसुलट करून पाहिलं. “तो बोलला, सर.”

मी तिच्यासमोरच एजंटाला फोन लावला. “अंकल, टेन्शन नका घेऊ, सगळे असेच जातात,” तो म्हणाला. विषय बदलता येतो हे लेखी द्या म्हटल्यावर “मेल टाकतो” म्हणाला आणि फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत मेल आला नाही. शुक्रवारी फीचा पहिला हप्ता भरायचा होता, तो परत मिळणार नव्हता, आणि कर्जासाठी बोट गहाण पडणार होती.

मी सुचिताला म्हटलं, “मुंबईत मत्स्यविज्ञानाची प्रवेश परीक्षा दे. दोन वर्षं शिक. मग त्याच विषयातल्या परदेशातल्या प्रयोगशाळेत शिष्यवृत्तीवर जा. जायचंच नाही असं कोण म्हणतंय?”

“मला कळतंय, सर,” ती म्हणाली. “पत्र वाचून मी घाबरलेच होते. पण हॉलमध्ये तुम्ही एवढं चांगलं बोललात. मला वाटलं, तुम्ही वाचलं असेल.”

“उद्या मी तुमच्या घरी येतो,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. तुळशीराम अंगणात जाळं सांधत होता. सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. “आता मागं फिरायचं न्हाय, सर. वाड्यानं नारळ दिलाय. उद्या लोकं इचारतील, पोरगी घरी कशी? आनि तुमीच तर बोल्लाव माईकवर.”

“बोट घालवशील, तुळशीराम!” मी ओरडलो. अपशकुनी बोललो हे बोलतानाच कळलं. त्याने तोंड फिरवलं. मला त्याचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला.

टोपली धूत असलेल्या रतनने वर पाहिलं. “सर, त्या दिवशी तुमी पत्र वाचलंवतं?”

“नाही.”

“मंग बोल्लाव कशापायी?”

सगळे खूश होते म्हणून, एवढंच खरं उत्तर होतं. ते मनातच ठेवून मी निघालो.

गुरुवारी सोसायटीची सभा होती. मी माईक मागितला. चेअरमनला वाटलं, पुन्हा कौतुक करायचंय. मी म्हणालो, “सुचिताचं पत्र न वाचता मी इथे भाषण ठोकलं. ते मी मागे घेतो. त्या कोर्सला ती गेली तर तिला हवं ते शिकायला मिळणार नाही. तिने जाऊ नये. यात तिची किंवा तिच्या वडिलांची काही चूक नाही, माझी आहे.” मागून कोणीतरी हसलं. चेअरमनने माझा सदरा ओढला. तुळशीराम खाली मान घालून बसला होता.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने रतन उठली.

“उद्या पैसं भरायचं न्हाय,” ती नवऱ्याला म्हणाली, सगळ्यांसमोर. “पोरगी परीक्षा देईल. पुढचं पत्र आलं का आधी मना वाचून दावायचं. मना इंग्रजी येत न्हाय, तर ओळ अन् ओळ मराठीत सांगायची. मी इचारीन. माझं समाधान झालं, तरच सत्कार.”

तुळशीरामने मान वर केली. नाही मात्र म्हणाला नाही.

मग रतन माझ्याकडे वळली. “आनि सर, तवा तुमी या. जेवायला या. भाषनाला न्हाय.”

मी माईक चेअरमनच्या हातात दिला आणि खाली उतरून बसलो.