भरल्याशिवाय हलत नाही

मी एक काळीपिवळी जीप बोलतेय. दिग्रस ते आर्णी हा माझा रस्ता. सुरुवातीलाच माफी मागते. दूर बसून माझं बोलणं कागदावर उतरवणारा माझा ड्रायव्हर अरसलान आठवीतच शाळा सोडून बसला. वेलांटी कुठे पहिली आणि कुठे दुसरी, याचा त्याला अजून भरवसा नाही. भारी शब्द त्यालाही येत नाहीत आणि मलाही. चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या.

जफरचाचांनी मला नवीकोरी घेतली तेव्हा अरसलान पाळण्यात होता. तो चाचांच्या भावाचा मुलगा. चाचांनी माझ्या आरशाला काळा गोंडा बांधला आणि पहिल्याच फेरीत टपावर लोखंडी कपाट चढवलं. लग्नाचं होतं. रस्ताभर नवरीचे मामा खिडकीतून मान वर करून बघत होते, कपाट आहे की पडलं.

आमच्यात वेळापत्रक नसतं. एस.टी. वेळेवर सुटते, निदान फलाटावर तसं लिहिलेलं असतं. आम्ही भरल्यावर सुटतो. स्टँडबाहेर गाड्या रांगेत लागतात, ज्याचा पहिला नंबर त्याने सीट घ्यायच्या. माणसाला आम्ही सीट म्हणतो. म्हातारी असो की जमादार, सीट ती सीट. परवानगी दहाची, पण चांगल्या दिवसांत पंधरा बसायचे आणि ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर. तासाभरात मी भरायचे.

मग तासाचे दोन तास झाले. मग अख्खी सकाळ जायला लागली.

लोक म्हणायचे, बायांना एस.टी.त अर्धं तिकीट झालं, म्हणून जीप रिकाम्या. ते खरंच आहे, पण तेवढंच खरं नाही. मी माणसं वाहते, तसं त्यांचं सामानही वाहते. माझ्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांना वजन कळतं. बाजाराच्या दिवशी टपावर कूलर असायचे, खुर्च्यांच्या चळती असायच्या, पलंग उलटे पाय करून झोपलेले असायचे. आता कूलर येत नाही, कूलरच्या गवताच्या जाळ्या येतात. शाळा सुरू होताना गणवेशाच्या कापडाच्या पिशव्या येत. यंदा जुनेच गणवेश आले, खालची दुमड उसवून लांब करायला.

आमची एक जुनी सीट म्हणजे बांगड्या विकणाऱ्या धुरपताबाई. सकाळी त्यांची पेटी जड असायची आणि संध्याकाळी हलकी. आता जाताना जेवढी, येताना तेवढीच. एकदा शेजारच्या बाईने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पहिले बाई हात पुढं करे आन म्हने, भर डझनभर. आता म्हनते, मावशी, फुटल्या तेवढ्याच घाल. तिच्या हातात एक हिरवी, एक लाल, एक माया मायच्या जमान्यातली!"

आणि रूपसिंग. तांड्यातला गवंडी, बोलायला फटकळ. पूर्वी सकाळी माझ्यातून दिग्रसला यायचा, मजुरांच्या चौकात उभा राहायचा, अंधार पडता पडता सिमेंटने पांढरा होऊन परत जायचा. आता अकराच्या सुमारालाच परत येतो. डबा तसाच भरलेला. माझ्या मागच्या सीटवर बसून जेवतो आणि म्हणतो, "घरी नेला तं बायको विचारते."

अरसलान लाजाळू. बाकीचे ड्रायव्हर "आर्णी आर्णी आर्णी" असे ओरडतात की झोपलेली कुत्री उठतात. हा माणसाच्या जवळ जाऊन हळूच विचारतो, "आर्णी?" जसं काही त्याचंच चुकलं. पूनमसिंग, त्याच्या मागच्या नंबरचा ड्रायव्हर, कपाळाला हात लावायचा. "अबे, सीट बोलवून राह्यला का पोरगी पाहाले आला?"

पण पूनमसिंग मनाचा मोठा. आमच्यात एक रीत आहे. रिकाम्या गाडीत कोणी बसत नाही. चारजण बसलेले दिसले की पाचवा येतो, त्याला वाटतं आता सुटणार. म्हणून मागच्या नंबरचे ड्रायव्हर, पानवाला, ओळखीचं कोणी पुढच्या गाडीत उगाच जाऊन बसतात. खऱ्या सीट आल्या की एकेक करून उतरतात, लघवीला चाललो असं दाखवून. उतरेपर्यंत तोंड उघडायचं नाही, हा नियम. पूर्वी बसायला माणूस शोधावा लागे. कोणाला वेळ होता? गेल्या वर्षभरात मात्र बसणारे वाढले. बाजूचा टेलर बसतो. बँडवाला बसतो. रूपसिंग तर हक्काचा.

मागच्या महिन्यात एका सकाळी जफरचाचा स्टँडवर आले. माझ्या बॉनेटवर हात ठेवला आणि अरसलानला म्हणाले, "देख बेटा, फिटनेस के सर्टिफिकेट का टाइम आ गया. खड़ी गाड़ी पे कितना लगाऊँ? आज दो फेरे हुए तो सोचेंगे. नई हुए तो परसों भंगारवाले को बुलाता मैं."

अरसलान "हाव चाचा" एवढंच म्हणाला. चाचा हळू बोलले होते, पण स्टँडवर कान फार.

पहिला नंबर आमचाच होता. दहा वाजले, अकरा वाजले. अरसलान डबा घेऊन पाणी आणायला नळावर गेला, माझ्या रेडिएटरसाठी. तिथे रांग होती. तो परत आला आणि दारातच थांबला. मी भरलेली होते. अगदी मागच्या फळीपर्यंत. धुरपताबाई पुढे, टेलर मधे, बँडवाला, रूपसिंग, पूनमसिंग, पानवाला, आणखी चार ओळखीचे चेहरे.

त्याला वाटलं, पूनमसिंगसारखे दोन-तीन बसायला आले असतील, ते उतरतील. बाकीच्या सीट खऱ्या. त्याने घाईघाईने पाणी ओतलं, चावी फिरवली. इतक्या दिवसांनी माझ्या पाट्या दबल्या होत्या. खोटं कशाला सांगू, मीही हुरळले. कोणाजवळच पिशवी नाही, हे मला कळायला हवं होतं.

मी रांगेतून निघाले. कापसाच्या जिनिंगचं फाटक मागे पडलं. उतरायला कोणाला सवड मिळाली नव्हती, आणि नियम म्हणून कोणी बोलेना. जो तो दुसऱ्याकडे बघतोय. पेट्रोल पंपाजवळ पूनमसिंगने मागून पत्रा वाजवला.

"थांब रे, मले उतरू दे. मी तं बसाले आलतो."

"मलेही उतरू दे," टेलर म्हणाला. "दुकान उघडंच टाकून आलो."

"तू बी बसालेच आलता का?" बँडवाला. "मले वाटलं तुयं आर्णीत काही काम हाय!"

"काम असतं तं उभ्या गाडीत कायले बसलो असतो?" रूपसिंग म्हणाला.

अरसलानने गाडी कडेला घेतली. मागे वळून त्याने एकेकाकडे पाहिलं. शेवटी धुरपताबाईंकडे. "मावशी, तुम्ही तरी?"

त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "बापा, मले वाटलं, बाई मानूस पुढं बसलेलं दिसलं की लोक बसतेत. तुयी गाडी जाऊन राह्यली म्हने ना भंगारात."

पहिल्यांदा पूनमसिंग हसला. मग सगळेच हसले, पानवाल्याला तर ठसका लागला. मी हलायला लागले एवढे हसले. दहाची दहा माणसं, प्रत्येकजण दुसऱ्याला खरं समजून बसलेला. मग हसू ओसरलं. दिवसाढवळ्या, कामाच्या वारी, दहा धडधाकट माणसं माझ्यात बसली होती आणि त्यांतल्या एकालाही कुठे जायचं नव्हतं.

अरसलानने गाडी वळवली. पैसे द्यायला रूपसिंगने खिशात हात घातला, तर हा म्हणाला, "राहू दे ना भाऊ." नंबर गेला होता. परत रांगेच्या शेवटी लागलो. त्या दिवशी एकही फेरा झाला नाही.

तिसऱ्या दिवशी भंगारवाला आला. त्याने माझा पत्रा वाजवला, खाली वाकून पाहिलं, हात झटकले. "चाचा, सध्या नाही घेत. माझं आधीचंच लोखंड पडून आहे, उचलायला कोणी येत नाही. राहू द्या उभी."

तेव्हापासून मी स्टँडमागच्या भिंतीला टेकून उभी आहे. मागच्या दोन चाकांतली हवा गेली. चालवत नाहीत आणि मोडतही नाहीत. पुढे भिंत, मागे हातगाडी. ज्या हातगाडीवर एक माणूस पूर्वी कणसं भाजायचा, तीही उलटी करून ठेवलीय. माणसाला अडकल्यासारखं वाटतं म्हणजे कसं, ते मला आता कळतं. माझ्या पोटात डिझेल आहे, रस्ता पाठ आहे, आणि तरी.

एकच मागणं आहे. कधी आमच्या स्टँडवर आलात आणि एखादी जीप भरलेली दिसली, तर लगेच म्हणू नका की बरं चाललंय इथलं. जरा आत डोकावून विचारा, बाबांनो, तुमच्यातलं जाणारं कोण कोण आहे?

आता त्या हसण्याच्या दिवसानंतरची सकाळ सांगते आणि थांबते. भंगारवाला यायला अजून एक दिवस होता. पहिला नंबर पूनमसिंगच्या गाडीचा होता, आत कोणी नव्हतं. अरसलान आला, धुतलेला शर्ट घालून. त्याने माझी चावी चाचांच्या हातात दिली, माझ्या आरशावरून एकदा बोट फिरवलं आणि पूनमसिंगच्या गाडीत मागे जाऊन बसला.

"बस, बस," पूनमसिंग खूश होऊन म्हणाला. "दोन सीट आल्या की उतर."

अरसलानने पायाखालून बॅग वर घेतली आणि मांडीवर ठेवली.

"नाही भाऊ," तो म्हणाला. त्याचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "आर्णीहून नांदेडची गाडी हाय. तिथून हैदराबाद. माया पैसा घे. मी खरी सीट हाय."