पहिला अहवाल काळा लिहा

इंदुताईंचं पत्र आलं त्यानंतर पावसाळा सरला, दिवाळी होऊन गेली, तरी ज्योतीराम सरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं असतं तर एक निमित्त तरी झालं असतं, पण ते हरवलं नव्हतं. रहाटणीच्या घरात, पुस्तकांच्या कपाटात ते नीट ठेवलेलं होतं आणि सरांना ते तोंडपाठ झालं होतं.

‘सर, फोनवर बोललेलं कुणी मानत नाही म्हणून लिहिते. पहिला अहवाल मी तुम्ही सांगितलात तसा लिहिला. आता त्याच्यावरून माझी बालवाडी बंद करायला निघालेत. तसं लिहायला तुम्हीच सांगितलं होतं, एवढं दोन ओळींत संस्थेला कळवा. बाकी काही नको.’

मागणी दोन ओळींचीच होती. उभं आयुष्य अध्यापक विद्यालयात निबंध तपासण्यात गेलेल्या माणसाला दोन ओळी जड जायचं काही कारण नव्हतं. पण सर भिडस्त. त्यांनी मसुदे केले, खोडले. ‘सांगितले होते’ म्हणावं की ‘सुचवले होते’, यातच एक आठवडा घालवला. खरं कारण वेगळं होतं. संस्थेच्या पुढच्या तुकडीचं प्रशिक्षण सरांना द्यायचं की दुसऱ्या कुणाला, हे त्याच महिन्यात ठरायचं होतं. निवृत्तीनंतर कुणीतरी आपल्याला बोलावतं, समोर बसून आपलं ऐकून घेतं, याची सरांना सवय लागली होती. ती सुटेल या धास्तीनं लेखणी पुढे सरकेना.

प्रशिक्षण होतं बालवाड्या चालवणाऱ्या बायकांसाठी. मुलांना शिकवणं त्यांना येतच होतं. आता त्यांनी केंद्रप्रमुख व्हायचं, नियोजन करायचं, हाताखालच्या ताईंना तयार करायचं, असा सगळा बेत. पैसा चाकणच्या एका कंपनीचा, कारभार संस्थेचा आणि शिकवणं सरांचं. सुरुवातीला प्रत्येकीनं आपल्या बालवाडीचा एक अहवाल लिहायचा, त्याला सगळे बेसलाइन म्हणत. वर्ष संपताना दुसरा, तो एंडलाइन. दोन्ही शेजारी ठेवले की प्रगती दिसायची.

या धंद्यातली एक जुनी रीत सरांना त्यांच्या वरिष्ठांनी शिकवली होती आणि सरांनी ती प्रत्येक तुकडीला शिकवली. ‘पहिला अहवाल काळा लिहा, म्हणजे शेवटचा आपोआप उजळतो.’ हे वाक्य ऐकून बायका हमखास हसत. सरांच्या व्याख्यानात हशा मिळवणारं तेवढं एकच वाक्य होतं, म्हणून ते त्यांना लाडकंही होतं.

बाकीच्या बायकांनी हात राखून काळं केलं. इंदुताई लातूरकडून आलेल्या, नवरा कंपनीत वेल्डर, सर सांगतील ती पूर्व दिशा. त्यांनी लिहिलं, मुलांना रंग ओळखता येत नाहीत, गोष्ट चालू असताना मुलं उठून जातात, मला नियोजन जमत नाही. सर त्यांच्या कामगार वस्तीतल्या खोलीत स्वतः जाऊन आले होते. वायरिंगच्या कारखान्यातून मागून आणलेल्या रंगीत नळ्यांचे तुकडे मुलं दोरीत ओवत होती, ‘हिरवी दे, पिवळी नको’ म्हणून भांडत होती. गोष्ट संपल्यावर घरी जायला एकही मूल तयार नव्हतं.

वर्षाच्या मध्यात कंपनीतला साहेब बदलला. नव्या साहेबाला तीन दिवसांत आकडे हवे होते, आणि एंडलाइन तर अजून व्हायची होती. हातात होत्या फक्त बेसलाइन. त्यांतल्या सगळ्यात कच्च्या बालवाड्या काढून टाकायचं ठरलं. सरांचं ज्यांनी सगळ्यात जास्त ऐकलं, त्या इंदुताई सगळ्यात तळाला निघाल्या.

नव्या तुकडीचं काम सरांनाच मिळालं. चिंचवडच्या हॉलमध्ये पहिल्याच सकाळी संस्थेच्या साधना मॅडमनी पडद्यावर एक अहवाल दाखवला. नाव झाकलेलं होतं, पण ते किरटं, उजवीकडे झुकलेलं अक्षर सरांनी तत्काळ ओळखलं.

“हा आपल्याकडचा सगळ्यात प्रामाणिक अहवाल,” मॅडम म्हणाल्या. “लीडर असा असतो. स्वतःच्या उणिवा स्वतः मांडणारा.”

पुढच्या रांगेत मोशीच्या छबूबाई बसल्या होत्या. जुन्या गावकीतल्या, स्वतःच्या घराच्या पडवीत बालवाडी चालवणाऱ्या. त्यांना ना भाड्याची भीती ना संस्थेची.

“मॅडम, ह्या बाईचं फुडं काय झालं?”

“ते सेंटर नंतर मर्ज केलं आपण.”

“मंजी बंदच ना?”

“बंद नाही, जवळच्या सेंटरला जोडलं.”

“आन् बाईला कुटं जोडलं?”

हॉलमध्ये हसू पसरलं. छबूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या सरांकडे वळल्या. “व्हय सर, जिनं खरं लिवलं तिची बालवाडी गेली, आन् आमाला म्हनताय तसंच लिवा. तुमी जानते. तुमीच सांगा, आमी काय लिवायचं?”

सगळ्या माना सरांकडे वळल्या. ते खरं नव्हतंच, मीच तसं लिहायला लावलं होतं, एवढं बोलायचं होतं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि ते म्हणाले, “आधी चहा घेऊ या.”

दुपारी बायकांनी अहवाल लिहून दिले. एकजात सोन्यासारखे. मुलांना रंग येतात, अंक येतात, कुणी रडत नाही, ताई नियोजनात तरबेज. साधना मॅडम कागद चाळून वैतागल्या. “सर, यात सुधारणेला जागाच नाही. वर्षभर आपण शिकवायचं काय? तुम्ही त्यांना नेहमीसारखं सांगितलं नाहीत का?”

“नेहमीसारखं म्हणजे?”

“काळं लिहायचं ते.”

सरांना वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. “तुम्हाला ते ठाऊक होतं?”

“सगळ्यांना ठाऊक असतं, सर.” मॅडमच्या आवाजात राग नव्हता, उलट त्या समजुतीच्या सुरात बोलत होत्या. “इंदुताईंच्या वेळी मी वाट बघत होते, कुणीतरी लेखी देईल म्हणून. वरती तोंडी चालत नाही. तुमच्या सहीच्या दोन ओळी आल्या असत्या तर मी फाइलला लावल्या असत्या, थांबलं असतं ते. तुम्ही काहीच पाठवलं नाहीत, तेव्हा मला वाटलं बालवाडी खरंच तशी असेल.”

म्हणजे त्या दोन ओळींना वजन होतं. इतके महिने सर स्वतःला समजावत आले होते की आपल्या लिहिण्यानं काय फरक पडणार, आपल्याला कोण विचारतं. शाल, नारळ, सत्कार, सगळ्या वेळी हीच नम्रता त्यांनी मिरवली होती. ती आता उलटून अंगावर आली.

संध्याकाळी त्यांनी इंदुताईंना फोन लावला. मागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती. त्या एका कारखान्यात पॅकिंगला लागल्या होत्या, नुकती शिफ्ट सुटून गेटाशी बसची वाट बघत होत्या. बालवाडीच्या खोलीत आता कंपनीतली पोरं भाड्यानं राहत होती. सरांनी अडखळत सांगितलं, उशीर झाला, पण मी लिहितो आहे.

“आता माझ्यासाठी लिहू नका, सर,” इंदुताई म्हणाल्या. “माझ्यासाठी लिहायचं होतं तेव्हा मी पत्र टाकलं होतं. रोज पोस्टमनला विचारायचे, तो थट्टा करायचा, ताई कुठनं पैसे येणार हायत का म्हणून.”

सरांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

“आईबाप अजून रस्त्यात भेटतात. म्हणतात, ताई, तुम्हीच लिहून दिलं म्हणं, आमच्या पोरांना काही येत नाही असं. मी काय सांगू त्यांना? सरांनी सांगितलं होतं म्हणू?” त्या जराशा थांबल्या. “तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून लिहायचं असेल, तर तुमचं तुम्ही बघा. बस आली माझी.”

दुसऱ्या दिवशी सर हॉलवर गेले नाहीत. मसुदा न करता, एकही शब्द न खोडता त्यांनी लिहिलं. ‘पहिला अहवाल मुद्दाम काळा लिहा, असे मी शिकवले. श्रीमती इंदुताईंनी माझे ऐकले. त्यांच्या बालवाडीतील मुलांना रंग येत होते आणि मुले गोष्टीसाठी थांबत होती, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ही चूक माझी आहे, त्यांची नाही. हे पत्र पालकांना दाखवण्यास माझी हरकत नाही.’ खाली सही केली. एक प्रत संस्थेला, एक कंपनीला. मूळ पत्र इंदुताईंच्या पाकिटात घातलं. संस्थेकडून आता परत बोलावणं येणार नाही, हे पाकिटं चिकटवतानाच त्यांना कळत होतं. त्याचं त्यांना दुःख झालं, आणि आपल्याला अजून त्याचंच दुःख होतं याची शरम वाटली.

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीतल्या मुलीनं पत्ते वाचले, वजन केलं.

“स्पीड पोस्टनं चाकणचं उद्या पोचेल, काका. इतकं अर्जंट आहे का?”

“होतं,” सर म्हणाले.

तिला ते नीट कळलं नसावं. तिनं पावत्या फाडून दिल्या, पाकिटांवर शिक्के मारले आणि ती मागच्या पोत्यात टाकली.