सात फुंकरा आणि मावशीचा फोन

गावकरी चहा प्यायला बसतात त्या चहाच्या बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. मंत्र फुंकून पाणी देणाऱ्या इद्रिस होजाने टेबलावरच्या सात मोबाइलांवर सात फुंकरा मारल्या आणि गरजला, "उघडा आता ती खोटेपणाची वखार!"

सातही पडद्यांवर एकच ओळ आली: असा पत्ता अस्तित्वात नाही.

"माशाल्ला! जगातूनच पुसलं!" गर्दी ओरडली.

पुसलेलं संकेतस्थळ नुरगुलचं होतं. शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या नुरगुलने होजाचं मंतरलेलं पाणी तपासलं आणि त्यात साखर आहे, असं तिथे लिहिलं. तिची मधुमेही आई सफिये तेच पाणी पिऊन चार दिवस इन्शुलिन टाळत होती. नुरगुलला भीती होतीच, पण जळफळाटही काही कमी नव्हता. भरलेल्या द्राक्षपानांचं पहिलं ताट पूर्वी तिला मिळायचं, आता होजाकडे जायचं. आईने तिचं बोलणं इतक्या भक्तिभावाने कधी ऐकलं नव्हतं.

"आई, लेख जागेवरच आहे गं!"

"मग दिसत का नाही? मोठी आलीये होजांना शिकवणारी!"

तेवढ्यात सुट्टीला जर्मनीतल्या कोलोनहून आलेली दोनेमावशी म्हणाली, "ताई, माझ्या फोनवर तर उघडतंय की!"

लोक मावशीच्या फोनवर वाकले. होजा सावरला. "जर्मन फोनवर फुंकर उशिरा चढते." त्याने तीनदा फुंकलं.

"होजा, थुंकी उडतेय. फोन नवा आहे," मावशी म्हणाली. लेख तसाच होता.

नुरगुलने पर्समधून बंदीची नोटीस काढली. आठवडाभर ती कुणी बघायलाच तयार नव्हतं. "होजांच्या पुतण्याने तक्रार करून माझ्या लेखावर बंदी आणली. आपला फोन नावावरून पत्ता विचारतो तो इथल्या इंटरनेट कंपनीच्या यंत्राला. कंपनीने त्याला खोटं बोलायला शिकवलं. 'बंदी घातली' म्हणायची लाज, म्हणून 'अस्तित्वातच नाही'! मावशीचं सिम जर्मनीतल्या यंत्राला विचारतं. त्याला कुणी दटावलेलं नाही."

सफियेने मावशीच्या फोनवर लेख अक्षर अक्षर वाचला. मग हळूच बाही वर केली. "दोने, तू आलीस म्हणून कळलं गं."

म्हणजे पहिलं ताट आता मावशीला! नुरगुल पुन्हा जळली, पण पर्समधून इन्शुलिन काढून तिने सुई नेमकी टोचली.

"आई, एक कर. पडदा 'नाही' म्हणाला की लगेच मान डोलावू नकोस. आधी विचार, नाही म्हणतंय कोण?"