भेट घेतली

बाईंचं अक्षर सुंदर होतं, इथूनच सगळं बिघडलं. तात्यांच्या ऑफिसात कोण आलं, कोण गेलं याची डायरी अकरा वर्षं त्याच लिहीत होत्या. तात्या म्हणजे गोरगरिबांचे पुढारी. सभेत ‘मी तुमच्या घरातलाच’ म्हणाले की म्हातारी माणसं डोळे पुसायची. बाईंच्या सासूबाईंचं ऑपरेशन तात्यांच्या एका फोनवर झालेलं, त्यामुळे बाईही पुसायच्या. खोटं कशाला बोला!

आणि आता त्याच डायरीचं एक पान सगळ्या पेपरांत छापून आलं होतं. ‘परदेशी संस्थेचे गृहस्थ. त्यांनी भेट दिली. तात्यांनी भेट घेतली.’ निवडणुकीसाठी बाहेरच्या देशातून पैसा घेतला, असा तात्यांवर खटला. आणि सगळं घोडं अडलं होतं या एका शब्दावर. भेट म्हणजे गाठभेट, की भेटवस्तू? बाईंनी अकरा वाजता चौकशी अधिकाऱ्याला एवढंच सांगायचं होतं.

सकाळीच तात्यांचे वकील घरी आले. चहा घेतला, साखर थोडी जास्त मागितली.

“बाई, लिहिताना तुमच्या मनात काय होतं?” त्यांनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं, “गाठभेट.” मग उठता उठता म्हणाले, “मुलगी दोन नंबरच्या बसनं जाते ना? फार गर्दी असते हो त्या बसला. जपा.”

बसचा नंबर यांना सांगितला कुणी?

नवरा म्हणाला, “गाठभेट म्हण आणि हो मोकळी. आपल्या बापाचं काय जातंय?”

बाईंनी तेच ठरवलं. चौकशी कार्यालयाच्या पायऱ्या चढतानाही पुटपुटत होत्या, गाठभेट, गाठभेट.

अधिकारी तरुण होता, बोलायला गोड. त्यानं काही विचारायच्या आतच बाईंनी “गाठभेट” म्हणून टाकलं. तो हसला आणि डायरी चाळू लागला.

“काय अक्षर आहे हो तुमचं! हे बघा. शिक्षक भेटले. ड्रायव्हर लोक भेटले. अकरा वर्षं माणसं नुसती ‘भेटले’. आणि ‘भेट’ कुठे लिहिलंय? घड्याळ, भेट. फुलदाणी, भेट. तसबीर, भेट. प्रत्येक भेटीपुढे बरोबरची खूण. ती कसली?”

“आभाराचं पत्र पाठवल्याची,” बाई बोलून गेल्या आणि जीभ चावली.

“या परदेशी गृहस्थांपुढेही आहे की खूण. आभार कशाचे मानलेत, बाई?”

मेली ती टापटीप! बाईंनी समोरचा पाण्याचा ग्लास एका दमात संपवला. इतकी भीती त्यांना जन्मात वाटली नव्हती. गाठभेट म्हणायला तोंड उघडलं आणि खरं होतं ते बाहेर पडलं.

“बॅग होती. काळी. येताना त्यांच्या हातात होती, जाताना नव्हती.”

जबाब लिहून व्हायला दुपार झाली. बाईंनी सही केली आणि तडक बसथांबा गाठला. सही करून अर्धा तासही झाला नव्हता. एक नंबर गेली, पाच नंबर गेली. मग दोन नंबर आली. कुणाची तरी दोन मुलं उतरली. बाई बसच्या दाराकडे धावल्या, आणि तेवढ्यात आपली पोर दप्तर सावरत खाली उतरली. जिवात जीव आला. बाईंनी तिला भर रस्त्यात असं काही कवटाळलं की पोरगी लाजून लाल झाली.

“आई, सोड ना! सगळे बघताहेत.”

“वाटेत कुणी भेटलं का गं तुला?”

“हो, बसमध्ये एक काका. तुझ्या ऑफिसातले. माझ्याच शेजारी बसले होते. तुझी जुनी डायरी सरकारनं नेली ना, म्हणून ही नवी दिली.”

बाईंनी पहिलं पान उघडलं. वर आजची तारीख होती. खाली कुणाच्या तरी गिचमिड अक्षरात एकच ओळ लिहिली होती.

‘मुलीची भेट घेतली.’