विकायला निघालेली दुकानं

देवयानी गजभिये लंडनच्या एका छोट्या फर्ममध्ये कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचं काम बघायची. या खेपेला तिच्याकडे एक डच सुपरमार्केट चेन आली होती. मालक दोघंच, मारिके आणि वाउटर होखस्त्रा, सख्खे बहीण-भाऊ. वडिलांनी एका किराणा दुकानापासून सुरुवात करून गावोगावी दुकानं थाटली आणि जाताना दोघांना निम्मी निम्मी मालकी दिली. आता एक बडी चेन सगळंच गिळायला टपली होती. वाउटरला विकायचं होतं, मारिकेला नाही. दोघांचं बोलणं वकिलांमार्फत चालायचं.

शेवटची मीटिंग शनिवारी ठरली आणि नेमका त्याच सकाळी ऑफिसात पाइप फुटला. बॉस ब्रिस्टलला गेलेला. नाइलाजाने देवयानीने दोघांना लंडनच्या उपनगरात, पिनरला, आपल्या घरीच बोलावलं. डील पाण्यात गेली, हे तिने मनाशी पक्कंच करून टाकलं होतं.

दोघं आले ते सोफ्याच्या दोन टोकांना बसले. तेवढ्यात नागपूरहून आलेल्या तिच्या सासूबाई, विमलाबाई, स्वयंपाकघरातून सांबारवड्यांचं ताट घेऊन आल्या. नागपूरकडे सांबार म्हणजे कोथिंबीर; तीच भरपूर भरलेल्या, नुकत्या तळलेल्या वड्या.

"आधी खाऊ घाल त्यायले," त्या म्हणाल्या. "उपाशी माणूस भांडतेच."

मारिकेने एक घास घेतला. "वाउटर, हे आपल्या डेली काउंटरवर, तयार पदार्थांत पाहिजे."

"डेली काउंटर? छे! हे फ्रीजमध्ये, बिअरच्या शेजारी. फ्रायडे इव्हनिंगला बघ कसं उडेल."

"तिथे कोणाला दिसणार?"

"थांब, दाखवतो." वाउटर उठला आणि त्याने चमचे, वाट्या मांडून टेबलावर आख्खं दुकान उभं केलं. मारिकेने लगेच दोन वाट्या हलवल्या. त्याने त्या परत जागेवर ठेवल्या. दोघांचे आवाज चढले, पण चेहरे फुलले होते.

"काय म्हणतात हे?" विमलाबाईंनी विचारलं.

"दुकान मांडतायत, आई."

"मग विकतात कायले?"

देवयानी घुटमळली. तिचं काम विकून देण्याचं. तरी तिने प्रश्न इंग्रजीत सांगून टाकला.

वाउटरने हातातला चमचा खाली ठेवला. "बाबा गेल्यापासून सगळं मारिकेच ठरवते," तो हळूच म्हणाला. "मला कोणी विचारतच नाही. नुसतं नावाला मालक राहून करू काय?"

"मला वाटलं, तुला इंटरेस्टच नाही," मारिके म्हणाली. मग समोरची वाटी बाजूला सारून, "शेजारच्या प्रांतातले डाइकस्ट्रा आहेत ना, ते म्हणतायत की विकू नका, आपण दोन घराणी एक होऊ. दुकानं दुप्पट होतील."

"हे मला आत्ता सांगतेस?"

"तूच म्हणालास, वकिलाशी बोल!"

वाउटरला हसू आवरेना. "नवी दुकानं मी बघणार. तू मध्ये बोलायचं नाहीस."

"थोडं बोलेन," मारिके म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

विक्री मोडली म्हणून सोमवारी बॉसने देवयानीला चांगलंच फैलावर घेतलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग सांगितलं की दोन्ही घराण्यांना मर्जरचं काम आपल्याकडूनच करून हवंय, आणि ते देवयानीनेच बघायचं अशी त्यांची अट आहे. बॉसने खुर्ची ओढून तिला बसायला सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला वाउटरचं पहिलं नवं दुकान उघडलं. देवयानी विमलाबाईंना घेऊन गेली, तेव्हा दारातच बहीण-भावाची चीजच्या जागेवरून जुंपली होती आणि फीत कापायचं कोणाच्याच लक्षात नव्हतं. शेवटी विमलाबाईंनीच कात्री उचलली.