पश्चिमेची भिंत

सीतारामभाऊंनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली, आणि अंगणाच्या टोकाशी असलेल्या सिल्व्हर ओककडे अशा एकाग्रतेने पाहू लागले, जणू रंग त्या झाडालाच द्यायचा होता. श्रीयश मोबाइलच्या विझलेल्या पडद्यावर उगाच अंगठा फिरवत होता. नीरजाने चहाचे कप गोळा करायला घेतले, त्यांतल्या एकात चहा अजून शिल्लक आहे हे दिसल्यावर ते सगळेच पुन्हा खाली ठेवले.

भाऊंनी विचारले होते ते इतकेच : "घर ऱ्हायला हाये का इकायला?"

कामशेतच्या बाजूचा हा साठीचा माणूस लोणावळ्यातल्या तुंगार्लीच्या निम्म्या बंगल्यांना बाहेरून रंग देत आला होता, आणि प्रश्न त्याच्या धंद्यातला होता. विकायचे घर असेल तर शेवाळ धुऊन वरून एक हात मारायचा. पुढच्या पावसापर्यंत भिंती हसऱ्या दिसतात, आणि तेवढ्यात सौदा होतो. राहायचे असेल तर पोपडे मुळापासून खरवडायचे, तडे भरायचे, भिंत उन्हात सुकू द्यायची, मग प्रायमर, मग दोन हात. लोणावळ्याच्या पावसाला फसवता येत नाही, गिऱ्हाइकाला येतं, असे सांगून भाऊ एकटेच हसले होते. त्यानंतर ही शांतता.

"आधी भिंती तर बघून घ्या," अखेर श्रीयश म्हणाला. "मग ठरवू."

"बगतो की. खरवडायाला तर उद्याच लागतो, ते दोनी कामांत थोडंफार लागतंच. पर म्होरच्या ऐतवारपतोर सांगा. सामान आनाया लागतं." ते उठले. "आन रंगाचं बी दोगांनी मिळून ठरवा. मागल्या बंगल्यात आयव्हरी का क्रीम, ह्यावरनं नवराबायकू आठवडाभर बोलत नव्हती. मला तर दोनी डबं सारकंच दिसत व्हते."

"पुढच्या रविवारी मी येतोच आहे," श्रीयश म्हणाला.

येतोच आहे. आपल्याच घराविषयी माणूस हे क्रियापद वापरू लागतो तो दिवस नेमका कोणता, हे नीरजाला कधीच सापडले नव्हते. त्याची मोटारसायकल उतारावरून गेली. वळणावर त्याने गिअर बदलला, आणि तो आवाज ऐकू येईनासा झाल्यावरही ती काही वेळ तशीच उभी राहिली.

घर दोघांनी मिळून बांधले त्याला अकरा वर्षे झाली होती. ती लोणावळ्याच्या शाळेत शिकवायची, तो तळेगावच्या एका कारखान्यात होता. तिसऱ्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीवर, ओलीचा पहिला डाग उमटला. पुढच्या वर्षी तो उंबराच्या पानाएवढा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी त्याला सीमाच उरली नाही. श्रीयशला लहानपणापासून दमा. जून ते सप्टेंबर तो उशीला टेकून बसल्या बसल्या झोपायचा, आणि त्याचा खोकला घराच्या दुसऱ्या छपरासारखा त्यांच्यावर पसरलेला असायचा. चार पावसाळ्यांपूर्वी तो म्हणाला, "या वर्षी तळेगावला राहून बघतो. कंपनीजवळ खोली मिळते आहे. इथली ओल छातीला सोसत नाही." पावसाळ्यापुरता गेला. दिवाळी आली तेव्हा, मला येता येणार नाही, तूही घर बंद करून इकडे येऊ नकोस, असा फोन आला. मग नाताळ, मग पुन्हा जून. भांडण झाले असते तर दोघांना त्याची तारीख तरी सांगता आली असती. कुणी विचारले की नीरजा सांगे, "ह्यांना इथली ओल सोसत नाही," आणि विचारणारा माणूस लोणावळ्याचा असल्यामुळे लगेच पटून मान हलवी.

गणपतीच्या सुटीत श्रीयशने फोनवर विचारले होते, घराचं काय करायचं. तू म्हणशील तसं, ती म्हणाली होती. घरांच्या एका एजंटने आधी बाहेरून रंग द्यायला सांगितले होते. इतकेच ठरले होते. विकायचे, हा शब्द दोघांपैकी कुणीही अजून उच्चारला नव्हता, आणि त्या न उच्चारलेल्या शब्दावर नीरजा अडीच महिने तग धरून होती. भाऊंनी खरवडायला घ्यावे, दोन हातांचे सामान आणावे, म्हणजे तो राहायला येणार. एवढा साधा अर्थ तिने त्या कामाला मनोमन लावून टाकला होता.

बुधवारी शाळा लवकर सुटली. ती घरी आली तेव्हा पश्चिमेच्या अंगाला बांबूची परांची उभी होती. वर भाऊ आणि खाली त्यांची बायको शकुबाई, दोघेही पट्ट्यांनी रंग खरवडत होते. वाळलेल्या पोपड्यांचा सडा अबोलीच्या झाडांवर पडला होता.

"अवो, खाली बगा जरा," शकुबाई म्हणत होती. "पडला तर राहिलेलं काम मला एकटीला पडंल."

"तुजं काम वाडू ने म्हनून तर धरून उबा हाये."

"धरून कसलं, तंबाकू मळताय दोनी हातांनी."

भाऊंना नीरजा दिसली. "म्याडम, जरा हिकडं या. ह्ये बगा."

ते परांचीवरून उतरले आणि गच्चीतून खाली येणाऱ्या पाइपाजवळ गेले. पाइप दोन तुकड्यांचा होता. त्यांच्या जोडाभोवतीचा वीतभर भाग त्यांनी पट्टीने सोलला होता. सर्वांत वर शेवटच्या खेपेचा फिकट पिवळा रंग. त्याच्या खाली राखाडी सिमेंटचा गुळगुळीत लेप. त्या लेपाच्याही खाली, कडेला, घर बांधले तेव्हाचा पोपटी.

"ह्या जोडातनं पानी मुरत आसनार आदी. पर कुनीतरी झ्याक बुजवलाय. आन बुजवून मंग वरनं ह्यो पिवळा मारलाय. म्हंजी पिवळ्याच्या आदीच पानी बंद झालंय." त्यांनी बोटांच्या पेरांनी भिंत ठोकली. "ऐका. ठनठनीत हाये. पिवळा कवा दिलता?"

"चार… पाच वर्षं होतील डिसेंबरला. चार."

"मंग चार वर्सं झाली कोरडी हुन. आतनं कशी हाये खोली?"

"ती बंद असते."

"बंद कशापायी? उगडा की. चांगल्या खोलीला काय झालंय?"

"अवो, तुमी भिंतीचं बोला," शकुबाई हातातल्या पट्टीवरून नजर न उचलता म्हणाली.

पिवळा रंग डिसेंबरातला. श्रीयश गेला त्यानंतरच्या जूनमध्ये. नीरजाने बोट लेपावर ठेवले आणि ती "हो का" असे म्हणाली. पण तिला धक्का बसला नव्हता, आणि तो बसला नाही याचीच लाज तिला जिना चढताना प्रत्येक पायरीवर वाटत राहिली.

कारण तिला ठाऊक होते. तो गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी, ऑगस्टच्या ऐन भरात, जादा पांघरूण हवे म्हणून तिने ती खोली उघडली होती. सात दिवस सूर्य दिसला नव्हता. खालच्या मजल्यावर पुस्तकांना बुरशी चढली होती. आणि वर, ज्या भिंतीने त्याला घालवले ती भिंत डिसेंबरात असावी तशी कोरडी होती. तिने गाल टेकवून पाहिला होता. मग पांघरूण न घेताच दार लावून ती खाली आली होती.

त्या क्षणी फोन करता आला असता. भिंत सुकली आहे, ये. चार-पाच शब्द. पण त्या शब्दांच्या आड आदल्या वर्षीचा जुलै उभा होता. तो गेल्यानंतरचा पहिला जुलै. खोकल्याविना गेलेली पहिली झोप, आणि सकाळी जाग आल्यावर अंगभर पसरलेली ती मोकळीक, जिला सुटका याशिवाय दुसरे नाव देता आले नव्हते. महिनाभर ती त्या शांततेत सुटीवर असल्यासारखी राहिली होती. एकदाही तिला तो हवासा वाटला नव्हता.

ओढ नंतर आली, उशिरा, चोरपावलांनी. शनिवार-रविवारी तलावाकडे जाणारे पर्यटक घरावरून जात. धुक्यात त्यांच्यातला कुणी खोकला, की तिचे हात कामात थबकत आणि ती खिडकीशी येई. अनोळखी माणसाचा साधा खोकला. त्याच्यामागून ती मनाने वळणापर्यंत जाई. टेबलाच्या खणात त्याचा अर्धा वापरलेला दम्याचा पंप होता. त्यावरची मुदत संपूनही दोन वर्षे उलटली होती, आणि दर महिन्याला खण आवरताना ती तो उचलून त्याच्या खालची धूळ पुसून पुन्हा तिथेच ठेवी. ज्या आवाजाच्या नसण्याने आपण सुखावलो, त्याच आवाजासाठी आता असे तहानलेले राहायचे. सुखावलेल्या माणसाने परत बोलावायचे कोणत्या तोंडाने? तेव्हा ओल राहू द्यावी. भिंतीत नाही तर निदान बोलण्यात.

रविवारी श्रीयश आला. काम बंद होते. विहारातली वंदना आटोपून, पांढऱ्या सदऱ्यात, भाऊ फक्त उत्तर न्यायला आले होते. शकुबाईबरोबर ते पुढच्या अंगणात ओट्यावर बसले. "तुमी बगून या निवांत," ते म्हणाले. "आमी काय, आज साहेबच हाये."

दोघे मागे गेले. खरवडलेली भिंत उन्हात उघडी होती, पिवळे, राखाडी, पोपटी असे नकाशावरच्या देशांसारखे तुकडे मिरवत. श्रीयशने तळहात भिंतीवर ठेवला आणि तसाच राहू दिला.

"कोरडी आहे," नीरजा म्हणाली.

"हो."

"तेव्हाही होती. भाऊ म्हणाले, पिवळ्या रंगाच्या आधीच कुणीतरी पाइपाचा जोड बुजवला."

"मीच बुजवून घेतला. तू तेव्हा शाळेच्या प्रशिक्षणाला पुण्यात होतीस."

"मला बोलला नाहीस."

"पहिला मोठा पाऊस झाला की वर नेऊन दाखवणार होतो. गंमत म्हणून." तो किंचित हसला. "मग मे महिना आला. आठवतंय, मेमध्ये आपण एकमेकांशी किती बोलत होतो? गॅस संपलाय. दूधवाला आला होता. बस."

"म्हणून गेलास?"

"जायचं असं नव्हतं. बोलून बघितलं, पावसाळा तळेगावला काढतो म्हणून. वाटलं, तू म्हणशील, नवीन रंग दिलाय, या वर्षी राहून तर बघ. तू भाजी वाढत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, जा, छाती महत्त्वाची." त्याने तळहात काढला; त्यावर पिवळी भुकटी लागली होती. "बॅग भरायला मी दोन दिवस लावले, नीरजा. दोन पँटी आणि चार शर्ट."

"मला वाटलं, तुला जायचंच आहे."

"असेल. थोडं असेलही." तो थांबला, एक सावध, पूर्ण श्वास घेतला, जसा तो नेहमी मोठे वाक्य बोलण्याआधी घ्यायचा. "वरची खोली कधी उघडली होतीस?"

खोटे सांगायची वेळ ही होती. "उघडली होती," ती म्हणाली.

"कधी?"

"दुसऱ्या वर्षी. ऑगस्टमध्ये."

त्याने मनात काहीतरी मोजले. पुढच्या अंगणातून शकुबाईचे हसणे आणि भाऊंचे फोनवरचे "जय भीम, बोला" ऐकू आले.

"म्हणजे दोन वर्षांहून जास्त तुला माहीत आहे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. "मी तिकडे रोज पावसाचा अंदाज बघायचो. लोणावळ्यात किती मिलिमीटर. वाटायचं, आज खूप झालाय, आज वर जाईल, भिंत बघेल, आज फोन येईल. आला असता तर त्याच संध्याकाळी निघालो असतो." त्याने भुकटी पँटला पुसली. "ते बाहेर बसलेत. त्यांना राहायचंय असं सांगावं, हेच मनात धरून मी आज आलोय. येत्या पावसाळ्यात मी इथे असेन. पण ते सांगण्याआधी मला एक कळलं पाहिजे. भिंत कोरडी आहे, हे माहीत असून तू मला बोलावलं का नाहीस?"

तू आपण होऊन येशील म्हणून वाट पाहत होते. हे वाक्य तिच्या जिभेवर तयार होते आणि ते सगळेच्या सगळे खोटेही नव्हते. तेवढे पुरले असते. तो पुढच्या अंगणात गेला असता, भाऊंनी सामानाची यादी केली असती, आणि जूनमध्ये खोकला पुन्हा या छपराखाली आला असता. तिने त्याच्याकडे पाहिले. कानाशी आलेले पांढरे केस, उत्तराकडे लागलेला, जरासा पुढे झुकलेला चेहरा. तीन पावसाळे ती या चेहऱ्यासाठी खिडकीशी उठून आली होती, आणि तो पहिला जुलै त्याला कसा सांगायचा हे तिला अजूनही माहीत नव्हते.

"नीरजा," तो म्हणाला. "एवढंच विचारतोय."

तयार वाक्य तिने जिभेवरच राहू दिले आणि ती वळली. घराला वळसा घालून ती पुढच्या अंगणात आली. ओट्यावरून शकुबाई उठून उभी राहिली. भाऊंनी तिच्या तोंडाकडे पाहिले. तिने फाटकाची कडी काढली, बाहेर पडली, आणि उतारावरून वर चढणाऱ्या गाड्यांच्या कडेकडेने तलावाच्या दिशेने चालू लागली.