उपडा पाट

"जागा धरून ठेवलीय म्हणालात ना, आई? कुठाय ती जागा?"

सईच्या केसांना रिबन बांधता बांधता भाविकाने सासूला विचारलं. सईला शाळा मिळालेली नव्हती, पण रिबन रोज सकाळी बांधली जायची.

अंजनाबाई ग्रिलजवळ बसून सुके बोंबील उलटेपालटे करत होती. खारदांड्याला समुद्राचा वारा लागला की बोंबील खडखडीत व्हायचे. इथे दिंडोशीला सातव्या मजल्यावर वारा डोंगराकडून यायचा, ओला आणि अळणी. खारी मासळी तो ओलावा ओढून घ्यायची. मे महिन्यात वाळवून आणलेले बोंबील जून संपता संपता पुन्हा मऊ पडले होते, आणि काहींवर पांढरी बुरशी आली होती.

"जागा हाय," अंजनाबाई म्हणाली. "ते देत नायत, ती गोष्ट वेगली."

"देत नाहीत म्हणजे नाहीच ना. काय फरक आहे?"

"लय फरक हाय गो. नसलेली जागा वेगली नि दुसऱ्यानं दाबलेली वेगली."

भाविकाने डबा पिशवीत टाकला. अंधेरीच्या कारखान्यात तिला खोट्या दागिन्यांना खडे चिकटवायचे असत, आणि उशीर झाला की गेटवरूनच परत पाठवत. "दाबलेली म्हणा नाहीतर गिळलेली म्हणा," ती चप्पल घालता घालता म्हणाली, "पोरगी घरात बसलीय ना."

अंजनाबाईला जो फरक कळत होता तो खारदांड्याच्या मासळी बाजारातला होता. तिथे जागा कागदावर नव्हत्या. नव्या बाईने पाट टाकायचा, त्यावर बसायचं, आणि आजूबाजूच्या तिघींनी ते बघितलं की जागा तिची. मग ती बाळंतपणाला जाऊ दे की दुखण्याने अंथरूण धरू दे, पाट उपडा घालून वर दगड ठेवला की त्यावर कुणी बसत नसे. जागा जायची ती एकाच कारणाने. बाई आपण होऊन दुसरीकडे जाऊन बसली तर. एक सकाळ बसली तरी पुरे. अंजनाबाईला तिची जागा सासूकडून आली होती आणि सासूला तिच्या सासूकडून. त्या जागेवरून तिचं कधी कुणाशी भांडण झालं नव्हतं, आणि बाकी सगळ्यावरून झालं होतं.

दांड्यातलं घर रस्त्यात गेलं, त्याच्या बदल्यात ही खोली मिळाली. चावी जानेवारीतच हातात आली होती. पण तिचा मुलगा प्रज्योत होडीवर होता, आणि होडी पाण्यात असताना कोळ्याच्या घरात दुसरं काही काम निघत नाही. लग्न, कौलं, बिऱ्हाड, सगळं होडी वर ओढल्यावर. "जून लागू दे, मग एका दिवसात हलवतो," प्रज्योत म्हणाला होता. ते कुणालाच वावगं वाटलं नाही. त्याचा बापही तसंच म्हणाला असता.

मात्र अंजनाबाई जानेवारीतच सईला घेऊन खोली बघायला आली होती, आणि येता येता टेकडीच्या पायथ्याच्या शाळेत शिरली होती. खिडकीतल्या मधुकर कारकुनाला तिने विचारलं, "माज्या नातीला पयलीत जागा हाय काय?"

"आहेत की आजी. या तुम्ही."

एवढं तिला पुरलं. तिने पहिलीचा वर्ग दाखवायला सांगितला. वर्ग रिकामा होता, मुलं खाली खेळत होती. खिडकीजवळच्या बाकावर तिने सईला बसवलं. मधुकर दारात उभा होता, वॉचमन दत्ताराम व्हरांड्यात होता, आणि फरशी पुसणारी मावशी बादली घेऊन आत आली होती. तिघांनी बघितलं. जाताना अंजनाबाईने दत्तारामच्या हातात सोड्यांची, सुक्या कोळंबीची, पुडी ठेवली आणि निश्चिंत मनाने बस धरली.

भाविकाने तेव्हा विचारलं होतं, "फॉर्म वगैरे काही दिला का?" अंजनाबाई म्हणाली, "जागा धरली." भाविकाला वाटलं, काहीतरी भरून आल्या असतील. तिने पुन्हा विचारलं नाही. हे ती आता रोज मनात घोळवत असे.

जूनमध्ये बिऱ्हाड आलं. दुसऱ्याच दिवशी दोघी सईला घेऊन शाळेत गेल्या, तेव्हा मुख्याध्यापिका मानसीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनी पंख्याचं बटण दाबलं, सईला बिस्किट दिलं.

"आजी, प्रवेश मार्चमध्येच पूर्ण झाले. बाक वाढवायला वर्गात जागा नाही."

"वाढवू नका. तिचा बाक हाय ना खिडकीजवल."

"तो बाक कुणा एकाचा नसतो हो. फॉर्म भरतात, त्यांना प्रवेश मिळतो."

"ती बसलेली त्याच्यावर. तुमच्याच मानसांनी बघितलेलं. बोलवा त्या वाचमनला."

दत्ताराम आला. टोपी काढून दाराशी उभा राहिला. "होय बाईनू," तो म्हणाला, "ह्यां चेडू त्या बाकार बसलेला. मी बघितलंय."

अंजनाबाईने सुनेकडे बघितलं, जणू झालं काम.

मानसीबाईंनी दत्तारामला जायची खूण केली. मग म्हणाल्या, "बसली असेल. मी नाही म्हणत नाही. पण त्याचा उपयोग नाही, आजी. प्रतीक्षायादीत नाव घालते, ते शेवटी जाईल. त्यापेक्षा वरच्या टेकडीवरची जुनी मराठी शाळा बघा. तिथे मुलं कमीच असतात, लगेच घेतील."

बाहेर आल्यावर भाविका म्हणाली, "चला, आत्ताच जाऊ वर."

"नाय."

"का नाही?"

"दुसरीकडे बसली तर हितली जागा गेली. मग कुठल्या तोंडानं मागायची?"

"आई, हा बाजार नाही."

"मानसं तीच हायत ना? बाजारात नि हितं? त्या बाईनं काय सांगितलं, बसली असेल म्हनाली. कबूल केलंन तिनं. आता नुसतं धरून ऱ्हायाचं."

भाविका त्या दिवशी अर्ध्या दिवसाचा पगार बुडवून आली होती. रस्त्यात सासूशी वाद घालायचं बळ तिच्यात नव्हतं. आणि खरं सांगायचं तर खालच्या शाळेला रंगवलेल्या भिंती होत्या, संगणकाची खोली होती. आणखी आठवडाभर थांबून बघू, असं तिलाही वाटलं.

मग अंजनाबाई रोज सकाळी सईला घेऊन गेटजवळ बसू लागली. पावसाळी मासेमारी बंदीचे महिने, ताजी मासळी नाही, बाजारात तिचं काही अडत नव्हतं. प्रज्योत जाळी शिवायला दांड्यालाच राहिला होता. आजी आणि नात एका छत्रीखाली बसायच्या. डोंगरावरून येणारं लाल पाणी पायांजवळून गटारात जायचं. शाळा भरली की आतून पाढ्यांचा आवाज यायचा आणि सई ते हळू आवाजात म्हणायची. बेचा पाढा तिला तिथेच, गेटबाहेर, पाठ झाला.

"आजी, घराक जावा," दत्ताराम म्हणायचा. "चेडवाक सर्दी होतली."

"तुजं काय जातं? रस्त्यावर बसलोय."

"माझा काय जाता? बाई माका इचारतत. सोडे खाल्लंय तुमचे, म्हणान गप ऱ्हवतंय."

"खाल्लेस ना? मग आत जाऊन परत एकदा सांग."

"दोनदा सांगलंय. माझ्या हातात गेटाची चावी हा गे आजी, शाळेची नाय."

जुलैच्या मध्यावर एका मुलाचे वडील बदलून पुण्याला गेले आणि एक जागा सुटली. दत्तारामनेच सांगितलं, पण यादीत वरचं नाव दुसऱ्याचं होतं. दुसऱ्या दिवशी पिवळा रेनकोट घातलेली एक मुलगी वडिलांचं बोट धरून गेटातून आत गेली. अंजनाबाई उठून उभी राहिली. कुणाशी भांडावं ते तिला कळेना. त्या मुलीच्या वडिलांनी "सरा हं जरा, आजी," असं नीट सांगितलं होतं.

"आजी," सईने विचारलं, "ती माज्या बाकावर बसेल?"

अंजनाबाईने छत्री मिटली आणि तिला घरी आणलं. संध्याकाळी ती सुनेला म्हणाली, "उद्या वरच्या शालेत जा."

भाविका गेली. टेकडीवर चढताना चिखलात तिची चप्पल तुटली, ती हातात घेऊन ती अनवाणी वर पोचली. शाळेच्या व्हरांड्यात बाक एकावर एक रचून ठेवले होते. एक तरुण शिक्षिका, अक्षता, तक्ते गुंडाळत होती.

"पहिलीचा वर्ग बंद झाला हो," ती म्हणाली. "मुलं पुरेशी झाली नाहीत. आहेत ती हायवेपलीकडच्या शाळेत पाठवली. तिथलंही आता भरलं."

"कधी झाला बंद?"

"मागच्या आठवड्यात. आम्ही घरोघर फिरलो. दोन मुलं कमी पडली."

"माझी एक होती," भाविका म्हणाली.

अक्षताने हातातला तक्ता खाली ठेवला. "मग आणायची ना हो तिला," असं ती म्हणाली. त्यात राग नव्हता. मग तिने खिळा आणि दगड शोधून भाविकाची चप्पल तात्पुरती ठोकून दिली.

भाविका घरी आली. अंजनाबाईने विचारलं तेव्हा तिने जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. अंजनाबाई उठून ग्रिलजवळ गेली. बुरशी आलेले बोंबील तिने वेचून काढले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. चांगलेही टाकले.

नारळी पौर्णिमा झाली, प्रज्योतची होडी पाण्यात गेली आणि ताजी मासळी आली. अंजनाबाई पहाटे सईला घेऊन पहिल्या बसने दांड्याला निघाली. पोरीला घरी सांभाळायला कुणी नव्हतं. दांड्याच्या शाळेतही भाविका विचारून आली होती. पहिली भरलेली, पत्ता दिंडोशीचा, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी सईला सात पुरी होतील, मग पहिलीत बसवतील की थेट दुसरीत ढकलतील, ते कुणी नीट सांगितलं नव्हतं.

बाजारात पाट तसाच उपडा होता. वर दगड होता, आणि पावसाने दगडाला हिरवं शेवाळ आलं होतं.

"दोन महिनं मांजरीलासुदिक बसू दिला नाय, अंजने," शेजारची विमला म्हणाली. मग तिने सईची हनुवटी धरली. "आनि ही बाय? शालेत नाय गेली? बरं झालं, आजीला सोबत. बस गो पाटावर. पुढं तुजाच हाय तो."

"नको," अंजनाबाई म्हणाली. "सई, उभी ऱ्हा. बसायचं नाय."

"का?"

"उभी ऱ्हा म्हनलं ना."

सई मासळीच्या पाटीची कड धरून उभी राहिली. बर्फाचं पाणी तिच्या पायांवरून वाहत होतं. मांदेली घेणाऱ्या एका बाईंनी कौतुकाने विचारलं, "आज सुट्टी का गं शाळेला?"

"माजा बाक हाय," सई म्हणाली. "खिडकीजवल."

ऊन वर आलं तशी गर्दी वाढली. अंजनाबाई सुरमईच्या तुकड्या पाडत होती, दोन्ही हात भरलेले होते, समोर गिऱ्हाईक घाई करत होतं. तेव्हा तिच्या पाठीला काहीतरी उबदार टेकलं. सई पाटाच्या मागच्या कडेला बसली होती, आजीच्या पाठीवर डोकं ठेवून. तिला झोप लागली होती. श्वास हलके, एकसारखे येत होते.

उठ, म्हणायला अंजनाबाईने तोंड उघडलं.

तिने मान वर केली. विमला बघत होती आणि हसत होती. समोरची बोंबीलवाली बघत होती. तिच्या शेजारची बर्फ फोडत होती, तिने हातोडी खाली ठेवली आणि तीही बघू लागली. तिघींनी बघितलं.